सात हजार टनांचं जहाज लपवायचं कसं?

मुंबईत माझगाव डॉकमध्ये बांधलेली 'आयएनएस विशाखापट्टणम' ही विनाशिका १६३ मीटर लांब आहे आणि वजनाने साधारण ७,४०० टन. नोव्हेंबर २०२१ मध्ये ती नौदलात दाखल झाली तेव्हा जवळपास प्रत्येक बातमीत 'स्टेल्थ' हा शब्द होता. तो वाचून पुष्कळांना वाटतं की असं जहाज रडारला दिसतच नाही. तसं नसतं. एवढं पोलाद पाण्यावर तरंगतंय म्हटल्यावर ते कधी ना कधी दिसणारच. किती जवळ आल्यावर दिसेल, एवढंच आपल्या हातात असतं. शत्रूला आपण ४० किलोमीटरवर दिसत होतो, ते आता २० किलोमीटरवर दिसतो असं झालं, तर मधल्या पट्ट्यात आपण त्याला हेरलेलं असतं आणि त्याला आपला पत्ता नसतो. सगळा खटाटोप त्या पट्ट्यासाठी आहे.

हे अंतर कमी करणं किती महाग पडतं ते आधी पाहू. रडारची लाट जहाजापर्यंत जाताना पसरते आणि आपटून परत येताना पुन्हा पसरते. त्यामुळे परत पोचणारी ताकद अंतराच्या चौथ्या घाताने घटते. रडारचा पल्ला निम्मा करायचा, तर जहाजावरून परतणारी लाट १६ पट क्षीण करावी लागते. म्हणजे ९४ टक्के परावर्तन मारूनही पदरात पडतं ते फक्त निम्मं अंतर. आवाजाचं गणित जरा दयाळू आहे. पाणबुडीचा आवाज शत्रूच्या कानापर्यंत एकाच दिशेने जातो, म्हणून तिथे साधारण अंतराच्या वर्गाचा हिशेब लागतो आणि आवाजाची शक्ती चारपट, म्हणजे ६ डेसिबलने, उतरवली की ऐकू येण्याचं अंतर निम्म्यावर येतं. समुद्र प्रत्यक्षात इतका सरळ वागत नाही, पण अंदाजासाठी हा हिशेब पुरतो.

रडार: काटकोन हाच शत्रू

जहाज मोठं आहे म्हणून ते रडारवर मोठं दिसतं, हे अर्धसत्य आहे. आकारापेक्षा पृष्ठभागांचे कोन जास्त बोलतात. जहाजांवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका रडारपट्ट्यात लाटेची लांबी सुमारे ३ सेंटिमीटर असते. या लाटेसमोर १ चौरस मीटरचा सपाट पत्रा अगदी समोरासमोर धरला, तर रडारला तो जवळजवळ १४,००० चौरस मीटरच्या लक्ष्यासारखा दिसतो, कारण सगळी लाट आरशासारखी सरळ मागे जाते. तोच पत्रा काही अंश तिरका केला की लाट भलतीकडे निघून जाते आणि रडारच्या हाती जवळपास काही लागत नाही.

पत्रा निदान तिरका करता येतो. तीन पत्रे एकमेकांना काटकोनात मिळून जो कोपरा होतो, तो मात्र कुठूनही लाट आली तरी ती उलट त्याच दिशेला धाडतो. अर्धा मीटर बाजूचा असा त्रिकोणी पत्र्यांचा कोपरा याच लाटेला सुमारे २९० चौरस मीटरचा भासतो. लहान होड्या याचा मुद्दाम उपयोग करतात. मोठ्या जहाजाने धडक देऊ नये म्हणून डोलकाठीवर काटकोनात जोडलेल्या पत्र्यांचा परावर्तक टांगतात आणि इवलीशी होडी पडद्यावर ठळक उमटते. युद्धनौकेचा आराखडा करणाऱ्याला नेमका हाच कोपरा जहाजावरून हुडकून हुडकून काढायचा असतो.

असे कोपरे कुठे नसतात? भिंत आणि डेक जिथे मिळतात तिथे, जिन्याच्या पायऱ्यांत, कठड्यांत, डोलकाठीच्या जाळीदार सांगाड्यात. जहाजाची उभी बाजू आणि समुद्राचा सपाट पृष्ठभाग यांच्यातही एक भलामोठा काटकोन तयार होतो. म्हणून नव्या जहाजांच्या बाजू बाहेर किंवा आत झुकलेल्या असतात. फ्रान्सच्या 'ला फायेत' वर्गातल्या फ्रिगेटपासून (फ्रिगेट म्हणजे विनाशिकेहून सहसा लहान युद्धनौका) ही तिरकी बांधणी डोळ्यांना ओळखीची झाली. स्वीडनने 'व्हिस्बी' वर्गात पुढे जाऊन सगळं कवचच कार्बन फायबरचं केलं. आपल्याकडे एप्रिल २०१० मध्ये आलेली 'शिवालिक' ही या पद्धतीची पहिली देशी फ्रिगेट, तीही माझगावचीच.

यातली खरी युक्ती अशी की सगळे पृष्ठभाग मोजक्या दोन-चार कोनांतच ठेवायचे. मग जहाज काही अरुंद दिशांना चमकतं आणि उरलेल्या सगळीकडे मंद राहतं. होड्या, दोरखंड, नांगराची यंत्रणा हे सगळं आत घेऊन दरवाज्याआड किंवा धातूच्या पडद्याआड झाकतात. जिथे आकार बदलताच येत नाही तिथे रडारची लाट शोषणारं आवरण लावतात. त्याचा एक जुना प्रकार लाटेच्या पाव लांबीवर चालतो. ३ सेंटिमीटरच्या लाटेसाठी साडेसात मिलिमीटर जाडी लागते, म्हणजे बाहेरच्या थरावरून परतलेली लाट आणि आतल्या धातूवरून परतलेली लाट एकमेकींना मारतात. लाटेची लांबी बदलली की मात्र हा नेम चुकतो. म्हणून आवरण हा आकाराचा पर्याय होऊ शकत नाही, फार तर त्याचा मदतनीस.

हे बिघडतं कसं? बहुतेक वेळा कारखान्यात नाही, नंतर. जहाज सेवेत आल्यावर कुणीतरी डेकवर एक पेटी वेल्ड करतं, एक जादा अँटेना उभी राहते, मशिनगनसाठी एक स्टँड लागतो, होडीच्या कप्प्याचा पडदा सोयीसाठी उघडा राहतो. प्रत्येक गोष्ट किरकोळ वाटते आणि प्रत्येक गोष्ट नवा कोपरा घेऊन येते. एक राहून गेलेला कोपरा शेकडो चौरस मीटर तिरक्या भिंतीची मेहनत वाया घालवतो.

उष्णता

गॅस टर्बाइनच्या धुराड्यातला गरम धातू ५०० अंश सेल्सिअसपर्यंत गेला असं धरू, आणि आजूबाजूचं जहाज २७ अंशांवर. उष्ण वस्तू किती किरण फेकते हे तिच्या निरपेक्ष, म्हणजे उणे २७३ अंशांपासून मोजलेल्या, तापमानाच्या चौथ्या घातावर ठरतं, म्हणून त्या धातूचा प्रत्येक चौरस मीटर बाकीच्या जहाजाच्या साधारण ४४ पट तळपतो. उष्णता हुडकत येणाऱ्या क्षेपणास्त्राला एवढं पुरतं. उपाय साधा आहे पण जागा खातो. धुराड्याच्या तोंडाशी गरम वायूच्या वेगानेच बाहेरची थंड हवा ओढून त्यात मिसळायची, आतल्या भिंतीवरून थंड हवेचा पातळ थर वाहता ठेवायचा आणि वरून-बाजूने पाहिलं तरी आतला लाल भाग नजरेच्या रेषेत येणार नाही अशी मांडणी करायची. उरला सूर्य. अरबी समुद्रात मे महिन्यात दुपारी डेक आणि भिंती भाजून निघतात, आणि समुद्राच्या पार्श्वभूमीवर जहाज ठसठशीत उठून दिसतं. त्यासाठी जहाजावर चौफेर पाण्याचे फवारे असतात. ते मुळात अण्वस्त्र-रासायनिक हल्ल्यानंतर जहाज धुण्यासाठी बसवले जातात, पण अंग थंड करायलाही कामी येतात.

आवाज, म्हणजे खरा विषय

समुद्राच्या पाण्यात रडारची लाट शिरत नाही. आवाज मात्र सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने, हवेच्या चौपटीहून जास्त, आणि प्रचंड दूरवर जातो. त्यामुळे पाणबुडीच्या बाबतीत लपणं म्हणजे गप्प राहणं. आवाजाचे उगम तीन: आतली यंत्रं, मागचा पंखा आणि अंगावरून वाहणारं पाणी. तिसरा वेग वाढल्यावर डोकं काढतो. रोजचं भांडण पहिल्या दोघांशी आहे.

यंत्रांपासून सुरुवात करू. वरच्या मजल्यावर वॉशिंग मशीन भिंतीला टेकलेलं असलं की खालच्या शेजाऱ्याच्या घरात घुर्रघुर्र ऐकू येते. मशीन भिंतीपासून बोटभर सरकवलं की थांबते. पाणबुडीत हेच करतात, फक्त फार काटेकोरपणे. पंप, जनरेटर, कॉम्प्रेसर थेट सांगाड्याला बोल्टने आवळत नाहीत. ते रबराच्या आधारांवर बसवतात. मोठी यंत्रं एकत्र करून एका जाड पोलादी चौकटीवर रबरावर ठेवतात आणि ती चौकट पुन्हा दुसऱ्या रबरावर. याला राफ्ट म्हणतात. म्हणजे कंपनाला कवचापर्यंत जायला दोनदा रबर ओलांडावं लागतं.

आकड्यांत पाहू. रबरावर बसवलेल्या यंत्राची स्वतःची डुलण्याची गती सेकंदाला ८ वेळा, म्हणजे ८ हर्ट्‌झ, असं समजू. मिनिटाला १,५०० फेरे घेणाऱ्या मोटारीचं कंपन २५ हर्ट्‌झचं. तर एका थराच्या रबरातून त्यातलं सुमारे ११ टक्केच खाली उतरतं. पण कंपन ११ हर्ट्‌झच्या खाली असेल तर रबराचा काडीचा उपयोग नाही, आणि नेमकं ८ हर्ट्‌झच्या आसपास असेल तर उलट ते वाढतं. म्हणूनच कमी वेगाने फिरणारं प्रत्येक यंत्र डोकेदुखी ठरतं.

आता हे सगळं फुकट कसं जातं ते बघा. राफ्ट आणि कवच यांच्यातल्या फटीत एखादा पाना पडला. दुरुस्तीत कुणी लवचीक नळीऐवजी सरळ पोलादी नळी जोडली. केबल ताणून बांधली. रंगकाम करताना रबरावरही हात फिरवला, किंवा गळक्या तेलाने रबर कडक झालं. यातल्या कुठल्याही एका गोष्टीने रबराला वळसा घालून कंपनाला थेट वाट मिळते, आणि कोट्यवधींची मांडणी एका बोल्टएवढ्या धातूमुळे निकामी होते. कवचावर चिकटवलेल्या आवाजशोषक टाइल्सची चर्चा जगभर होते, पण पाणबुडी शांत राहते ती हातात टॉर्च घेऊन राफ्टखाली सरपटत जाऊन फटी तपासणाऱ्या माणसामुळे. हे काम दिसत नाही, म्हणून त्याची कदरही कमी होते. ती व्हायला हवी.

पंख्याचा प्रश्न वेगळा. पात्याच्या मागच्या बाजूला दाब घसरतो. ३० अंश तापमानाचं पाणी, दाब वातावरणाच्या साधारण चोविसाव्या भागावर आला की, चुलीशिवाय उकळतं. पात्यावर वाफेचे बुडबुडे उठतात, पुढे जास्त दाबात शिरताच ते फटाफट मिटतात, आणि प्रत्येक मिटण्याचा एक टणत्कार होतो. लाखो बुडबुड्यांचा मिळून तळणीसारखा चरचराट. पात्यांना खड्डे पडतात ते वेगळंच. खोल गेलं की दर १० मीटरला एक वातावरण दाब वाढतो, त्यामुळे ९० मीटरवर पाण्याचा दाब दहापट असतो आणि बुडबुडे उठायला जास्त वेग लागतो. पाणबुडीला घाईने जायचं असेल तर ती आधी खोल जाते, त्याचं हे कारण.

पाती मोठी, संथ फिरणारी आणि कोयत्यासारखी मागे वळलेली ठेवतात, म्हणजे पात्याची सगळी कड एकदम खळबळीत शिरत नाही. मागे चार कल्ले, म्हणजे सुकाणूच्या पाट्या, असतील तर पाती बहुतेकदा सात, कारण दोन्ही आकडे जुळले की सगळी पाती एकाच क्षणी कल्ल्यांच्या सावलीतून जातात आणि ठोका बसतो. सात पात्यांचा पंखा सेकंदाला दोन फेरे घेत असेल तर १४ हर्ट्‌झचा ठेका धरतो, आणि ऐकणारा त्यावरून फेरे मोजून वेगाचा अंदाज बांधतो. असे पंखे घडवणं किती नाजूक काम आहे हे १९८७ मध्ये जगाला कळलं. जपानच्या तोशिबा मशीन आणि नॉर्वेच्या कोंग्सबर्ग या कंपन्यांनी सोव्हिएत संघाला नऊ अक्षांवर चालणारी मिलिंग यंत्रं आणि त्यांचे नियंत्रक विकल्याचं उघड झालं आणि अमेरिकेत मोठा गदारोळ झाला. भांडणाच्या मुळाशी पात्याचा पृष्ठभाग किती अचूक कापता येतो हा प्रश्न होता.

कवचावरच्या रबरी टाइल्स दोन कामं करतात. आतला आवाज दाबतात आणि शत्रूच्या सोनारचा (आवाज सोडून प्रतिध्वनीवरून शोध घेणाऱ्या यंत्राचा) 'पिंग' गिळतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने 'यू-४८०' या पाणबुडीला असं कृत्रिम रबराचं आवरण चढवलं होतं. मर्यादा मात्र निसर्गाचीच आहे. १०० हर्ट्‌झच्या आवाजाची पाण्यातली लांबी १५ मीटर भरते. काही सेंटिमीटर जाडीचं रबर तिला काय अडवणार? शिवाय रबरातल्या हवेच्या पोकळ्या खोलवर दाबल्या जातात आणि शोषण्याचा गुण बदलतो. गोंद लावण्याआधी पोलाद नीट साफ आणि कोरडं नसेल तर दाबाच्या चढउतारात टाइल सुटते. अर्धवट सुटलेली टाइल तर नसलेल्या टाइलपेक्षा वाईट, कारण ती पाण्यात फडफडते.

श्वास घ्यायला वर यावंच लागतं

माझगावला बांधलेल्या कलवरी वर्गाच्या सहा पाणबुड्या, डिसेंबर २०१७ मध्ये आलेल्या कलवरीपासून जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या वागशीरपर्यंत, डिझेल-विजेवर चालतात. (त्यातल्या 'खांदेरी'चं नाव अलिबागजवळच्या शिवाजी महाराजांच्या जलदुर्गावरून घेतलं आहे.) प्रत्येकीत ३६० बॅटरी सेल, एकेक ७५० किलोचा. म्हणजे नुसत्या बॅटऱ्याच २७० टन. या विजेवर कायमस्वरूपी चुंबकाची मोटार चालते आणि ती फार शांत असते. पण वीज संपते. वेग दुप्पट केला तर शक्ती साधारण आठपट लागते, म्हणजे तेवढ्याच बॅटरीत पाव अंतर कापता येतं. म्हणून शांत पाणबुडी रेंगाळत चालते.

चार्जिंगसाठी ती पृष्ठभागाजवळ येऊन हवेची नळी वर काढते आणि १,२५० किलोवॉटची दोन डिझेल इंजिनं सुरू करते. तेवढा वेळ सगळं उघडं पडतं. इंजिनाचा आवाज, नळीचा माथा, त्यामागची पाण्याची रेघ, धुराची उष्णता. ब्रिटिशांनी तर पूर्वी गस्ती विमानांवर डिझेलच्या धुराचा वास घेणारं यंत्रच बसवलं होतं. हा उघडा काळ जितका कमी, तितकी पाणबुडी सुरक्षित.

त्यावर उत्तर म्हणजे बाहेरच्या हवेशिवाय पाण्याखालीच वीज तयार करणं. स्वीडनच्या 'गोटलँड'मध्ये त्यासाठी स्टर्लिंग इंजिन, म्हणजे बाहेरून दिलेल्या उष्णतेवर चालणारं इंजिन, आहे. अमेरिकी नौदलाने सरावासाठी २००५ ते २००७ ती भाड्याने घेतली, आणि तिला शोधणं त्यांना फार अवघड गेलं. आपली वाट वेगळी आहे. अंबरनाथच्या नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळेने फॉस्फोरिक आम्लाचा इंधनसेल (हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या संयोगातून वीज देणारं उपकरण) विकसित केला, लार्सन अँड टुब्रो आणि पुण्याच्या थरमॅक्ससोबत. ८ मार्च २०२१ ला जमिनीवरच्या नमुन्याची महत्त्वाची चाचणी झाली. त्याचा विशेष म्हणजे हायड्रोजन सिलिंडरांत भरून न्यायचा नाही, गरजेनुसार पाणबुडीतच तयार करायचा. बंद नळीत माणसं राहत असताना हायड्रोजनचा साठा बाळगायचा नाही, हा मोठा दिलासा. ही यंत्रणा पाणबुडीत बसवायची तर कवच मधोमध कापून एक जादा तुकडा जोडावा लागतो. डिसेंबर २०२४ मध्ये संरक्षण मंत्रालयाने त्यासाठी माझगाव डॉकशी करार केला.

चुंबक आणि वीज

२३ नोव्हेंबर १९३९. इंग्लंडमधल्या थेम्सच्या मुखाशी, शूबरीनेसच्या चिखलात, ओहोटीला एक जर्मन सुरुंग उघडा पडला. आदल्या रात्री विमानातून टाकलेला. जॉन उव्ह्री या नौदल अधिकाऱ्याने तो जागेवरच निकामी केला आणि ब्रिटिशांना कळलं की हा सुरुंग जहाजाला न शिवता त्याच्या चुंबकत्वावर फुटतो. पोलादी जहाज बांधलं जात असतानाच पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात ठोकलं-वेल्ड केलं जातं, त्यामुळे ते स्वतःच मंद चुंबक होऊन बसतं. याला कायमचं चुंबकत्व म्हणू. शिवाय जहाज फिरलं की पृथ्वीच्या क्षेत्रामुळे क्षणोक्षणी बदलणारं दुसरं चुंबकत्व येतं.

कायमचं काढायचं तर जहाजाला जाड केबलचे वेढे घालतात आणि प्रचंड करंटची दिशा उलटसुलट करत हळूहळू शून्यावर आणतात. बदलतं मारण्यासाठी जहाजाच्या आतच तीन दिशांना तारांची वेटोळी बसवलेली असतात. जहाज कुठल्या दिशेला तोंड करून आहे आणि पृथ्वीवर कुठे आहे यावर त्यातला करंट बदलतो. याला 'डीगॉसिंग' म्हणतात. ड्राय डॉकमध्ये मोठं वेल्डिंग झालं की जुने आकडे बाद होतात, आणि पुन्हा मोजणी न करता निघालेलं जहाज चुकीच्या करंटवर निर्धास्त फिरत राहतं.

पाणबुडीचा चुंबकीय विक्षेप अंतराच्या घनाने घटतो, दुप्पट अंतरावर आठवा हिस्सा. म्हणूनच तो हुडकणाऱ्या विमानाला खाली उतरून उडावं लागतं. आपल्या नौदलाच्या पी-८आय या पाणबुडीशोधक विमानांवर असं उपकरण आहे. जर्मनीने २१२ वर्गाच्या पाणबुड्यांना चुंबकाला दाद न देणारं पोलादच वापरलं.

यापेक्षा कमी माहीत असलेली खूण विजेची आहे. पोलादी कवच, कांस्य धातूचा पंखा आणि मधे खारं पाणी, म्हणजे चक्क एक बॅटरी. तिचा करंट पाण्यातून जातो आणि पंख्याच्या दांड्यातून परततो. दांडा फिरताना बेअरिंगमधला विद्युतसंपर्क कमीजास्त होतो, करंट त्याच ठेक्यात लहरतो आणि तो ठेका पाण्यात पसरतो. तो थांबवायला गंज रोखण्यासाठी कवचाला लावलेल्या जस्ताच्या वड्या पुरत नाहीत, दांड्याला ब्रशने घट्ट अर्थिंग द्यावं लागतं. ब्रश झिजला की ठेका परत उमटतो.

समुद्राची साथ

उन्हाने वरचं पाणी तापतं, खाली थंड राहतं. आवाज गरम पाण्यात जोरात धावतो, म्हणून तो खाली थंड पाण्याकडे वाकतो. दुपारी जहाजाचा सोनार सकाळपेक्षा कमी पल्ला देतो, कारण आवाज लवकर खाली वळतो आणि त्यापलीकडे एक सावली पडते, जिथे तो पोचतच नाही. पाणबुडीचा कप्तान तापमान मोजत ही सावली शोधत असतो. आपल्या किनाऱ्याजवळच्या उथळ, उबदार पाण्यात आणखी एक आडोसा मिळतो. चिमट्याने कडकन आवाज काढणाऱ्या बारीक कोळंबीच्या थव्यांमुळे समुद्रतळ सतत तडतडत असतो आणि वर ट्रॉलरांची घरघर चालू असते. उंच स्वरातले बारीक आवाज त्यात बुडतात. पंख्याचा १४ हर्ट्‌झचा ठेका बुडत नाही.

म्हणून शेवटी मोजावंच लागतं. समुद्रतळावर पाण्याखालचे मायक्रोफोन मांडलेल्या पट्ट्यावरून पाणबुडी वेगवेगळ्या वेगाने आणि खोलीवर पुन्हा पुन्हा जाते. आत एकेक यंत्र बंद-चालू करतात आणि आलेखातली प्रत्येक टोकदार रेघ कुणाची ते ठरवतात. ही रेघ वातानुकूलनाच्या कॉम्प्रेसरची, ती पाणबुडीचा तोल राखणाऱ्या ट्रिम पंपाची, ही अमुक बेअरिंगची. त्यातून एक तक्ता तयार होतो: शत्रू जवळ असताना कुठला पंप बंद, कुठला जोडीतला दुसरा वापरायचा, कुठल्या वेगाला पंखा अवचित गुणगुणतो म्हणून तो वेग टाळायचा. पुढच्या मोठ्या दुरुस्तीनंतर हा तक्ता फाडून टाकतात आणि मोजणी पहिल्यापासून सुरू होते.